तावदानी दाराचा रंग : काच आणि लाकूड भेटतात ती रेघ

आजचा विषय ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. ज्या लाकडी दारात एक मोठी काच नसते, तर लहान लहान काचांची तावदानं बसवलेली असतात, त्या दाराला रंग कसा द्यायचा, एवढाच प्रश्न आहे. मुंबईतल्या जुन्या इमारतींच्या गॅलऱ्यांत, पुण्यातल्या जुन्या बंगल्यांत, कोकणातल्या आणि गोव्यातल्या घरांत अशी दारं अजून उभी आहेत. बहुतेक सागवानी आहेत आणि पन्नास, साठ, ऐंशी पावसाळे काढलेली आहेत. घराचं काम निघालं की पहिला सल्ला मिळतो तो हा, की ‘ही दारं काढून टाका, अॅल्युमिनियमचं स्लायडिंग बसवा.’ का, तर खालच्या पट्ट्या कुजल्यात, काचा खुळखुळतात, पाणी आत येतं.

आमचं म्हणणं असं आहे, की यातली बरीचशी दारं लाकडाच्या दोषानं खराब होत नाहीत. ती खराब होतात एका रेघेच्या दुर्लक्षानं. काच आणि लाकूड जिथे एकमेकांना भेटतात ती ही रेघ. आजचं सगळं बोलणं या रेघेभोवतीच फिरणार आहे.

रेघ किती लांब असते?

आपण एक हिशेब करू. दोन झडपांचं दार घ्या. प्रत्येक झडपेत आडव्या तीन आणि उभ्या पाच, अशा पंधरा काचा. एक काच २० सेंटिमीटर रुंद आणि ३० सेंटिमीटर उंच. म्हणजे एका काचेचा परीघ झाला बरोबर एक मीटर. पंधरा काचांचे पंधरा मीटर, दोन्ही बाजू धरून तीस, आणि दोन झडपांचे मिळून साठ मीटर. साधारण वीस मजली इमारतीच्या उंचीएवढी रेघ तुमच्या एका दारात आहे.

आता तिची रुंदी बघा. रंगानं काच आणि लाकूड जोडायचं तर दोन मिलिमीटर पुरतात. साठ मीटर गुणिले दोन मिलिमीटर म्हणजे ०.१२ चौरस मीटर. ए-फोरचे दोन कागद शेजारी ठेवले की साधारण एवढी जागा होते. दाराचं सगळं आयुष्य या दोन कागदांएवढ्या रंगावर अवलंबून आहे, आणि चौरस फुटाच्या हिशेबात ही जागा जवळपास शून्य धरली जाते.

हे आम्ही गमतीनं म्हणत नाही. रंगकाम चौरस फुटावर मोजतात. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाच्या मोजमापाच्या पद्धतीत दाराच्या सपाट क्षेत्रफळाला गुणक लावतात. फळ्या-पॅनेलच्या दाराला एका बाजूचा गुणक १.३०, आणि पूर्ण काचेच्या दाराला ०.८०. कारण सरळ आहे, काचेला रंग लागत नाही. रंगाच्या डब्याचा हिशेब म्हणून हे बरोबरच आहे. पण श्रमाचा हिशेब नेमका उलटा असतो. पंधरा काचांच्या झडपेला सपाट दारापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. मग ज्याला फुटावर पैसे मिळतात तो रंगारी काय करणार? तो मोठ्या फळ्यांवर सुबक हात मारेल, आणि बारीक पट्ट्यांवरून ब्रश घाईनं फिरवेल. दोष त्याचा नाही, मोजपट्टीचा आहे. म्हणून पहिली सूचना पैशाची : तावदानी दाराचं काम फुटावर देऊ नका. रोजावर द्या, नाहीतर दर झडपेमागे ठरवून द्या.

लाकूड हलतं, काच हलत नाही

ही रेघ फाटते का, ते आता बघू.

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. पण सगळ्या दिशांनी सारखं नाही. धाग्याच्या लांबीच्या दिशेनं ते जवळजवळ हलतच नाही. हलतं ते रुंदीत. साग हे त्यातल्या त्यात शांत लाकूड. तरीसुद्धा दहा सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी मे आणि ऑगस्टच्या दरम्यान एक-दीड मिलिमीटर रुंद होऊ शकते. ती कशी कापलीय आणि किती ओलावा प्यायली, यावर आकडा कमी-जास्त होतो. काच मात्र ओलाव्यानं तसूभरही हलत नाही.

म्हणजे एकमेकांना चिकटवलेल्या दोन वस्तू आहेत. एक दरवर्षी श्वास घेते, दुसरी जागची हलत नाही. त्यांच्यामध्ये जे काही असेल ते ताणलं जाणार. मध्ये काय असतं? लांबी. रंगारी आणि काच बसवणारे जिला लांबी म्हणतात ती, म्हणजे काचेची पुट्टी. खडूची बारीक भुकटी अळशीच्या तेलात मळून केलेला गोळा. लाकडाच्या खाचेत काच ठेवतात, बारीक चुका ठोकून ती धरतात, आणि वरून उतरती लांबी लावतात.

अळशीचं तेल पाण्यासारखं उडून जाऊन वाळत नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं आणि त्याचे रेणू एकमेकांत गुंततात. यालाच आपण तेल ‘वाळलं’ असं म्हणतो. ही क्रिया वर्षानुवर्षं हळूहळू चालू राहते. म्हणून नवी लांबी लवचीक असते, आणि जुनी दगडासारखी कडक होऊन तडकते. तिच्यावर रंगाचा थर असला तर ऊन-हवा कमी लागते आणि ती जास्त टिकते. उघडी राहिली तर काही वर्षांतच काचेपासून सुटते. केसाएवढी फट पडते. तेवढी पुरे आहे.

कारण पाणी कुठे जातं? काचेवरून ओघळलेलं पावसाचं पाणी प्रत्येक काचेच्या तळाशी, आडव्या पट्टीवर येऊन थांबतं. फट असली तर ते आत झिरपतं आणि खाचेत अडकतं. तिथे ऊन नाही, वारा नाही. लाकडातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या खाली राहिला तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. पण या खाचेत तो महिनोन् महिने वरच राहतो. सागाचा गाभा कुजायला खूप वेळ घेतो, हे खरं. पण बारीक पट्टीत गाभ्याबरोबर बाहेरचं पांढरट लाकूड आलेलं असेल, तर ते साध्या लाकडासारखंच कुजतं. शिवाय या पट्ट्या असतात किती जाड? दीड-दोन सेंटिमीटर. त्यातूनही खाच काढलेली. तिथे कुजायला उरतं तरी किती!

तुमच्या घरी असं दार असेल तर एक पाहणी करा. सगळ्यात खालच्या ओळीतल्या काचांच्या तळाची पट्टी नखानं दाबा. मऊ लागली, तर वरची कोणती रेघ फाटली आहे ते शोधा. नुसती मऊ पट्टी बदलून उपयोग नाही.

मग आधी इतक्या लहान काचा का घातल्या?

हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून थोडक्यात. पूर्वी खिडकीची काच फुंकून बनवत. फुंकलेला फुगा फिरवून थाळीसारखा पसरायचा, किंवा लांबट नळी करून ती उभी चिरून सपाट करायची. यातून मोठा, सपाट, स्वच्छ तुकडा काढणं महागाचं होतं. लहान तुकडे मात्र भरपूर निघत. वितळलेल्या कथिलावर काच तरंगवून सपाट करायची पद्धत इंग्लंडच्या पिल्किंग्टन कंपनीनं १९५९ साली जाहीर केली. त्यानंतर मोठी काच स्वस्त होत गेली. तोवर लहान तावदानांची चौकट घडवायची सवय सुतारांच्या हातात पक्की बसली होती.

गोव्यात तर काचेच्याही आधी, आणि नंतरही बराच काळ, शिंपल्यांची तावदानं होती. एका जातीच्या चपट्या शिंपल्याचे पातळ, अर्धपारदर्शक तुकडे चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांच्या खाचांत सरकवायचे. प्रकाश येतो, झळ कमी येते. ज्यांच्या घरी अशी तावदानं असतील त्यांना एकच सांगणं : आजच्या गोष्टीतला ‘काचेवर दोन मिलिमीटर रंग’ हा नियम शिंपल्याला लावू नका. शिंपला थरांचा असतो. त्याला चिकटलेला रंग खरवडताना थर सुटतात. तिथे शिंपले काढून किंवा पूर्ण झाकूनच लाकूड रंगवायचं.

जुन्या थरात काय आहे?

आता सगळ्यात गंभीर भाग. रंगकाम म्हटलं की पहिला दिवस ‘घासाघाशी’चा. पॉलिश पेपर घेऊन खसाखसा घासायचं, घरभर पांढरी धूळ उडवायची. तावदानी दार जुनं असेल तर हे करू नका. अजिबात करू नका.

जुनं दार खरवडताना कधी कधी तळाला गुलाबीसर थर लागतो. शिशाचा सफेदा आणि त्यात थोडा शेंदूर, अळशीच्या तेलात घोटून केलेलं ते अस्तर असू शकतं. शेंदूर म्हणजेही शिशाचंच संयुग. रंगात शिसं घालण्यामागे कारणं होती. रंग लवकर वाळायचा, पाण्याला दाद द्यायचा नाही, वर्षानुवर्षं टिकायचा. पिवळ्या-केशरी छटांच्या रंगद्रव्यांतही शिसं असे. आपल्याकडे घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची, म्हणजे दहा लाख भागांत ९० भागांची, सक्तीची मर्यादा आली ती २०१६ च्या नियमांनी. ते नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्याआधी रंगवलेल्या तुमच्या दारात शिसं आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. म्हणून ‘आहे’ असं धरून वागायचं.

भिंतीवर किंवा दारावर घट्ट बसलेला शिशाचा रंग फारसं काही करत नाही. त्याची धूळ मात्र करते. ती जमिनीवर बसते, रांगणाऱ्या मुलाच्या हाताला लागते, हातातून तोंडात जाते. जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं स्पष्ट आहे : रक्तातल्या शिशाची सुरक्षित म्हणता येईल अशी कोणतीही पातळी माहीत नाही. लहान मुलांच्या वाढत्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो, आणि तो भरून येत नाही. गरोदर बाईच्या शरीरातून ते गर्भापर्यंत पोहोचतं.

यात एक गोष्ट आपल्या लक्षात येत नाही. पावसाळ्यात दार फुगून चौकटीत अडकतं. मग आपण काय करतो? सुताराला बोलावून कडेला रंधा मारतो. म्हणजे जुन्या रंगाच्या चिपा आणि भुसा घरात पडतो. वर कडेचं लाकूड उघडं पडतं, ते आणखी ओलावा पितं, पुढच्या वर्षी दार पुन्हा अडकतं. आणि उन्हाळ्यात तेच दार इतकं सैल होतं, की वाऱ्यानं आपटून काचा फुटतात. दार पावसाळ्यात अडकलं तर थांबा. कोरड्या दिवसांत बघा. तेव्हाही अडकत असेल तरच रंधा मारा, दार बाहेर नेऊन मारा, आणि त्याच दिवशी कडेला प्रायमर लावा.

जुने थर हाताळायचे नियम चार आहेत. एक, घट्ट बसलेला थर काढायचाच नाही. त्याची चमक मारण्यापुरता ओला वॉटर पेपर फिरवायचा. दोन, जिथे पोपडे सुटलेत तिथे आधी पाणी शिंपडून मग खरवडायचं, खाली जाड प्लॅस्टिक अंथरून. तीन, ज्योतीनं रंग जाळायचा नाही. शिशाचा धूर होतो आणि काचा तडकतात त्या वेगळ्या. चार, झाडू मारायचा नाही. ओल्या फडक्यानं पुसून घ्यायचं, आणि फडकं, चिपा, प्लॅस्टिक सगळं बांधून टाकायचं. काम करणाऱ्यानं चांगला मास्क लावायचा, आणि जेवायच्या आधी हात-तोंड धुवायचं. मुलं आणि गरोदर बाई त्या दिवसांत त्या खोलीत नकोत. रंगाऱ्यालाही घरी मुलं असतात. त्याचे कपडे ती धूळ घेऊन घरी जातात, हेही ध्यानात ठेवू या.

रंगाच्या आधीचं काम

कड्या, मुठी, बोल्ट काढून ठेवा. प्रत्येक काच बोटानं हलकी ठोका. खुळखुळ आवाज आला, तर तिथली लांबी सुटली आहे. सुटलेला भागच काढा. घट्ट असलेली जुनी लांबी छिन्नीनं उपटायला गेलात तर काच जाईल.

नवी लांबी भरण्यापूर्वी खाचेतल्या उघड्या लाकडाला प्रायमरचा किंवा अळशीच्या तेलाचा एक हात द्या. हे बरेच जण गाळतात. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं, आणि मागे उरते ती खडूची भुकटी. ती वर्षभरात गळून पडते, आणि मग ‘हल्लीची लांबीच वाईट’ असं म्हणायचं.

लांबी भरल्यावर थांबा. वर साय धरायला साधारण एक ते दोन आठवडे लागतात, दमट हवेत त्याहून जास्त. बोटानं हलकं दाबलं की ठसा उमटता कामा नये. कच्च्या लांबीवर रंग मारला तर तो सुरकुततो आणि भेगाळतो. आणि साय धरल्यावर मात्र महिनोन् महिने तशीच उघडी ठेवू नका.

तेलाच्या फडक्यांची एक सावधगिरी. अळशीचं तेल ऑक्सिजन घेताना उष्णता सोडतं. तेलानं भिजलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते, आणि फडकी आपोआप पेट घेऊ शकतात. ती उलगडून बाहेर वाळत घाला, किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

उघड्या सागवानाला प्रायमर लावण्याआधी टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसा. सागात स्वतःचं तेल असतं. ते वर असलं की रंग नीट धरत नाही आणि वाळायला वेळ घेतो. पुसलं, सुकू दिलं, की लगेच प्रायमर.

रंगवायचा क्रम

ब्रश एक इंची घ्या, केस तिरके कापलेला मिळाला तर उत्तम. गट्टूच्या हातातल्यासारखा रुंद ब्रश इथे नको. केसांच्या एक तृतीयांशापर्यंतच रंगात बुडवा, डब्याच्या आतल्या बाजूला टेकवून जास्तीचा निथळू द्या.

वरच्या ओळीपासून सुरुवात करा. एकेका काचेभोवतीच्या चार कडा आधी, मग त्या काचांमधल्या बारीक पट्ट्यांची तोंडं. तावदानांचा सगळा भाग संपला की मग बाहेरच्या जाड आडव्या फळ्या, आणि शेवटी उभ्या. हा क्रम असा का? काचेजवळ काम करताना हात टेकतो, रंग इकडेतिकडे लागतो. मोठ्या फळ्या शेवटी ठेवल्या की ते सगळे डाग त्यांच्या हाताखाली जातात. सांध्यावर आडव्या फळीचा ब्रश थोडा पुढे गेला, तरी उभीचा सरळ हात तो झाकतो.

कोपऱ्यांवर नजर ठेवा. पंधरा काचांचे साठ कोपरे, एका बाजूचे. प्रत्येकात रंग साचतो आणि दहा मिनिटांनी ओघळ येतो. म्हणून दोन ओळी झाल्या की मागे वळून कोरड्या ब्रशाच्या टोकानं कोपरे टिपून घ्या.

आणि झडपेची वरची-खालची कड विसरू नका. तिथे लाकडाच्या धाग्यांची टोकं उघडी असतात. ती स्ट्रॉसारखी पाणी ओढतात. खालची कड रंगवलेली आहे का हे बघायला जमिनीवर एक छोटा आरसा सरकवा. बहुतेक घरांत तिथे कोरं लाकूड दिसेल.

टेप, हात की पातं?

आता आपण त्या दोन मिलिमीटरवर आलो.

बहुतेक लोक काचेवर मास्किंग टेप लावतात, आणि ती लाकडाला अगदी चिकटून लावतात. रंगवतात, टेप काढतात, रेघ सुंदर सरळ येते. फोटोत छानच दिसतं. पण या रेघेत रंग लांबीच्या टोकाशी थांबला. काच आणि लांबी यांच्यामधली फट उघडीच राहिली. दिसायला नेटकं असलेलं हे काम पहिल्या पावसात पाणी पितं.

रंग काचेवर दीड-दोन मिलिमीटर चढलाच पाहिजे. म्हणजे तो लांबीवरून येऊन काचेला धरतो आणि फट झाकतो. टेप लावायचीच असेल तर लाकडापासून दोन मिलिमीटर सोडून लावा. शेवटचा हात ओलसर असतानाच ती तिरकी ओढून काढा. रंग कडक झाल्यावर ओढलीत तर टेपबरोबर रंगाची कडही निघते. आणि साठ काचांच्या बाजूंना, म्हणजे दोन झडपांच्या दोन्ही अंगांना, मिलिमीटर मोजत टेप लावायला जो वेळ लागतो, त्यात सरावलेला माणूस बरंचसं दार हातानं रंगवून मोकळा होतो.

हातानं कापत जायचं तर ब्रश थेट कडेवर टेकवू नका. थोडा अलीकडे टेकवा, दाब द्या, केस पसरले की त्यांचं टोक हळूच काचेवर जाऊ द्या, आणि न थांबता एका दमात कोपऱ्यापर्यंत ओढा. पहिल्या चार काचा वाकड्या येतील. दहाव्या काचेपर्यंत हात बसतो.

तिसरी पद्धत पात्याची. काचेवर गेलेला जास्तीचा रंग वाळल्यावर पात्यानं काढायचा. चालेल, पण पातं लाकडाच्या कडेपर्यंत नेऊ नका. आधी दोन मिलिमीटरवर एक हलकी चीर द्या, मग काचेच्या मधल्या बाजूनं त्या चिरेपर्यंत खरवडत या. काच साबणाच्या पाण्यानं ओली ठेवा. कडेपर्यंत खरवडलंत, तर इतका वेळ जपलेला सांधा स्वतःच्याच हातानं कापून टाकलात.

ऑइल पेंट की पाण्याचा?

दोन्हींनी काम होतं. सिंथेटिक इनॅमल, म्हणजे आपण ज्याला ऑइल पेंट म्हणतो तो, पसरतो छान, ब्रशाचे व्रण दिसत नाहीत, चमक येते. पण त्याचं घडणं तेलासारखंच; वर्षांगणिक तो कडक होत जातो आणि पांढरा असेल तर पिवळा पडतो. पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक इनॅमल लवचीक राहतो, त्यामुळे लाकडाच्या हालचालीबरोबर जास्त काळ टिकतो. मात्र तो भरभर वाळतो. काचेच्या कडेला दुसऱ्यांदा ब्रश फिरवायला वेळ मिळत नाही. शिवाय वरून वाळला तरी पूर्ण पक्का व्हायला काही आठवडे घेतो. त्या काळात दार घट्ट बंद करून ठेवलं, तर चौकटीला चिकटतं.

जुना ऑइल पेंट असेल आणि वर पाण्याचा द्यायचा असेल, तर चमक मारून, मध्ये योग्य प्रायमर देऊनच द्या. दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा कधीही बरे.

कधी रंगवायचं?

आपल्याकडे रंगकाम दिवाळीच्या आधी. घर सजलेलं दिसावं, हे ठीकच आहे. भिंतींचं त्या वेळी करा. पण बाहेरच्या लाकडी दारानं नुकताच चार महिन्यांचा पाऊस प्यायलेला असतो. त्यावर लगेच रंग मारला की ओलावा आत कोंडला जातो, आणि पुढच्या उन्हात फोड येतात. डिसेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम : हवा कोरडी, ऊन सौम्य, लाकूड आकसलेलं. फटी तेव्हा नीट दिसतात आणि नीट भरता येतात. दारावर थेट ऊन असताना मात्र रंगवू नका. ब्रश मागे यायच्या आत रंग ओढ धरतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*रंग नको, नुसतं पॉलिश किंवा व्हार्निश चालेल का?*

आतल्या दाराला जरूर. बाहेरच्या दाराला अडचण आहे. पारदर्शक थरातून सूर्यप्रकाश लाकडापर्यंत जातो आणि वरचे धागे कमकुवत होतात. मग थर सुटतो. रंगातली द्रव्यं ऊन अडवतात. व्हार्निश लावायचं तर ते जास्त वेळा, नेमानं लावायची तयारी हवी.

*बारीक पट्ट्या काढून एकच मोठी काच बसवली तर रेघच कमी होईल ना?*

होईल. पण वजनाचा हिशेब करा. एक मिलिमीटर जाडीची एक चौरस मीटर काच अडीच किलो भरते. आपल्या झडपेत ०.९ चौरस मीटर काच आहे. तीन मिलिमीटरची असेल तर पावणेसात किलो. मोठी काच पाच मिलिमीटरची घ्यावी लागली, तर सव्वाअकरा किलो. जुने सांधे आणि बिजागऱ्या या वाढीव वजनासाठी केलेल्या नाहीत. आणि क्रिकेटचा चेंडू आला तर आज एका वीतभर काचेवर भागतं, तेव्हा पूर्ण झडपेची काच जाईल.

*दरवर्षी एवढं सगळं करायचं?*

नाही. एकदा नीट केलेलं काम बरीच वर्षं चालतं. दरवर्षी मे महिन्यात, पाऊस लागायच्या आधी, फक्त अर्धा तास द्या. खालच्या दोन ओळींच्या काचांचे तळ बघा. जिथे रेघ सुटलेली दिसेल तिथे पुसून, सुकवून, त्याच रंगाचा बारीक ब्रश फिरवा. त्यासाठी काम संपल्यावर वाटीभर रंग घट्ट झाकणाच्या बरणीत काढून ठेवा आणि बरणीवर तारीख लिहा.

आजच्यापुरतं इथेच थांबू. घरी गेल्यावर दाराकडे लांबून बघू नका. गुडघे टेकून सगळ्यात खालच्या काचेच्या तळाशी बघा. दार ठेवायचं की काढायचं, याचा निर्णय तिथे बघितल्यानंतर घ्या.